बिस्कुट, बाट आणि आवड

चळवळीच्या अंकात बिस्किटावर लेख कशाला, असं काही मित्र विचारतील. विचारावंच. अत्याचार थांबलेले नाहीत, पोरांच्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत, आणि हा म्हातारा बिस्कुट चघळत बसलाय! पण माझं म्हणणं साधं आहे. आपल्या माणसाच्या तोंडात काय गेलं, ते कुणी दिलं, कसं दिलं, आणि तुला हे आवडतं का असं त्याला कधी कुणी विचारलं का, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. राजे, तह आणि लढाया यांचा इतिहास लिहायला त्यांच्याकडे भरपूर माणसं आहेत. चहाच्या कपाचा आणि बिस्किटाच्या बरणीचा इतिहास आपल्यालाच लिहावा लागेल.

आधी माझी आवड सांगून टाकतो. मला फिकं बिस्कुट आवडतं. फिकं म्हणजे बेचव न्हवं, कमी गोड. मारी चालतं. जिरं घातलेला बटर चालतो, ज्यात नावापुरतंसुद्धा लोणी नसतं. टोस्ट चालतो. खारी तर जीव की प्राण. दोन बिस्किटांच्या मधी क्रीम भरलेलं ते गोडमिट्ट प्रकरण मला जात नाही. पुण्याच्या कॅम्पातलं श्रूजबेरी लोक रांगा लावून घेतात, मी एक खाऊन हात झाडतो. नातवंडं हसतात. म्हणतात, आजोबांची जीभ म्हातारी झाली. जीभ म्हातारी झाली नाही पोरांनो, जिभेला आठवण आहे.

आवड ही ज्याची त्याची खाजगी बाब, असं पुस्तकात लिहितात. मला ते पटत नाही. आवड घडते. घरात काय येतं, दुकानदार काय देतो, मजुरी किती पडते आणि गाव कुठं उभं करतं, यातून ती घडते. म्हणून एका फिक्या बिस्किटाचा माग काढत आपण जरा मागं जाऊ.

बिस्कुट हा शब्द लॅटिनमधून आला. अर्थ, दोनदा भाजलेलं. पाव एकदा भाजला की तो ओला असतो, चार दिवसांत त्याला बुरशी धरते. तोच कापून परत भट्टीत घातला, त्यातलं पाणी उडवलं, की महिनोन् महिने टिकतो. आपला टोस्ट हेच करतो. म्हणजे मुळात बिस्कुट ही चैन नव्हती, शिधा होता. जहाजावरच्या खलाशाला आणि मोहिमेवरच्या शिपायाला द्यायचा कोरडा शिधा. इंग्रजांच्या आरमारात खलाशाला दिवसाला एक पौंड बिस्कुट मिळायचं. नुसतं पीठ, पाणी, जमलं तर मीठ. साखरेचा कण नाही. दगडासारखं टणक. त्यात किडे व्हायचे, तर खलाशी ते टेबलावर आपटून किडे झाडायचे आणि खायचे. हा फिक्या बिस्किटाचा मूळपुरुष. राबणाऱ्याचं खाणं.

टिकवायची ही विद्या आपल्या वस्तीला नवी नव्हती. गावकीत मेलेलं ढोर ओढायचं काम आपल्या माथी मारलेलं. एका दिवसात खाऊन संपणार नाही एवढं मांस एकदम पदरात पडायचं, आणि पुढं महिनाभर काहीच नाही. मग म्हाताऱ्या बाया त्याच्या लांब फिती कापून दोरीवर वाळत घालायच्या. चान्या. पाणी उडवायचं आणि टिकवायचं, हीच विद्या. खलाशाच्या बिस्किटावर जाडजूड पुस्तकं निघाली. चान्यांची नोंद आपल्या लेखकांनी आत्मकथनांत केली तेव्हा कुठं ती कागदावर आली.

मग हा राबणाऱ्याचा शिधा साहेबाच्या टेबलावर कसा गेला? एकोणिसाव्या शतकात विलायतेत यंत्रं आली. रेडिंग गावात हंटले अँड पामर्स ही कंपनी १८२२ सालापासूनची. तिनं बिस्किटं पत्र्याच्या डब्यात भरून साम्राज्यभर धाडली. १८७४ साली रशियाच्या झारची मुलगी मारिया हिचं व्हिक्टोरिया राणीच्या मुलाशी लग्न लागलं, तेव्हा लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं तिच्या नावानं एक गोल, पातळ, कमी गोड बिस्कुट काढलं. तेच हे मारी. आपल्या चहाच्या टपरीवर बशीत पडलेलं मारी हे राजकन्येच्या लग्नातलं बिस्कुट आहे, हे ध्यानात ठेवा. १८८५ साली डब्लिनच्या जेकब कंपनीनं क्रीम क्रॅकर काढलं. नावात क्रीम, पण खाल्लं तर साखर नाही. डायजेस्टिव्हही आलं. खलाशी साखर नाही म्हणून फिकं खायचा. साहेब पोट भरलंय म्हणून फिकं खायला लागला. चव तीच, पण एकाची लाचारी आणि दुसऱ्याची ऐट. ही गोष्ट मनात धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

आता आपल्या मुलखात येऊ.

इथं पाव पोर्तुगीजांबरोबर आला. शब्दसुद्धा त्यांचाच. गोव्यात आजही पाववाल्याला पोदेर म्हणतात. पाव म्हणजे किरिस्तावाच्या हातचं, पाणी घालून मळलेलं, आंबवलेलं. सोवळ्याच्या शास्त्रात पाण्यात शिजवलेलं अन्न लवकर बाटतं, तुपादुधातलं उशिरा बाटतं. म्हणून पाव खाल्ला की बाटला. वसईकडं तर आख्यायिका सांगतात, विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि त्या विहिरीचं पाणी प्यालेलं अख्खं गाव बाटलं. खरं-खोटं बाजूला ठेवा. असं घडू शकतं यावर लोकांचा विश्वास होता, हाच इतिहास. धर्म एवढा तकलादू, की पावाचा तुकडा भिजला की तोही विरघळतो!

हाच विश्वास उलटा वापरून काहींनी बंड करून पाहिलं. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग त्यात पुढं होते. जातिभेद मोडायचा म्हणून सभासद होताना किरिस्तावानं भाजलेला पाव खायची अट. पण सगळं दाराआड. १८६० साली सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार अशी धास्ती पडली आणि सभा मोडली. पाव गिळला, पण चारचौघांत कबूल करायची वेळ आली तेव्हा तो घशात अडकला. त्यांचं धाडस अगदीच खोटं होतं असं मी म्हणत नाही. त्या काळात तेही सोपं नव्हतं. पण गुप्त बंडाचं आयुष्य किती, ते मात्र यातून दिसतं.

मग पुण्याची गाजलेली गोष्ट. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावलं. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. व्याख्यान झालं, चहा-बिस्किटं पुढं आली. कुणी घोट घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला, कुणी ठेवून दिला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि पेटलं. शहरात ग्रामण्य उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली, वहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. हायकोर्टाचा न्यायमूर्ती होणारा माणूस, देशाच्या अर्थकारणावर लिहिणारा विद्वान, एका चहाच्या कपाला आणि बिस्किटाला शुद्धी द्यावी लागली.

ही हकिकत चरित्रांत मोठ्या चवीनं सांगतात. त्या काळचं कर्मठपण दाखवायला. मला मात्र ती वाचताना दुसराच हौद दिसतो. त्याच पुण्यात २२ वर्षांआधी, १८६८ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. त्यासाठी कुणाची परवानगी मागितली नाही, पुढं कुणाकडं शुद्धी मागितली नाही. पंचहौदच्या चहानंतर महिना-दीड महिन्यानं, २८ नोव्हेंबर १८९० ला, जोतीराव गेले. एका बाजूला सुधारक बशीतल्या बिस्किटाचा हिशेब देत होते. दुसऱ्या बाजूला ज्यानं पाणीच खुलं केलं तो माणूस शेवटचे दिवस काढत होता. पुण्याचा इतिहास लिहिताना कुठल्या हौदाला किती पानं मिळाली, मोजून बघा एकदा.

आणि हेही बघा. पंचहौदच्या वादात प्रश्न काय होता? उच्चवर्णीयानं परक्याच्या हातचं खाल्लं, तर त्याचं काय करायचं. आपल्या हातचं कुणी खाल्लं तर काय, हा प्रश्न त्या चौकशीत उद्भवलाच नाही. आपण यादीतच नव्हतो.

बिस्कुट मात्र थांबलं नाही. १८९२ साली कलकत्त्यात २९५ रुपयांच्या भांडवलावर एक लहानसा कारखाना निघाला, त्याचीच पुढं ब्रिटानिया झाली. त्याच शतकाच्या अखेरीस दिल्लीत हिंदू बिस्किट कंपनी निघाली. उच्चवर्णीय हिंदूंच्या हातची बिस्किटं, ही तिची जाहिरात! बिस्कुट विलायती, यंत्र विलायती, आणि हात तेवढा सोवळ्यातला. म्हणजे बाटगं बिस्कुट कसं शुद्ध झालं? कुणी गोमूत्र शिंपडलं नाही. बाजारानं शुद्ध केलं. माल खपवायचा म्हटल्यावर शास्त्राला वाट काढता येते. माणूस माणसात घ्यायचा म्हटल्यावर मात्र शास्त्र हट्टाला पेटतं.

पुढं पुडा आला. कागदात गुंडाळलेला, चिकटवलेला, छापील. पुड्यातल्या बिस्किटाला हात कुणाचा लागला ते दिसत नाही. मळणारा कोण, भट्टीवरचा कोण, डबे उचलणारा कोण, कुणालाच ठाऊक नाही. जे दिसत नाही ते बाटत नाही, असं सोयीचं शास्त्र आपोआप तयार झालं. ज्या घरात आमच्या सावलीचा विटाळ, त्या घरात कारखान्यातलं बिस्कुट देवघराच्या शेजारच्या फडताळात जाऊन बसलं.

पण खेड्यात पुडा उशिरा पोचला. आमच्या नगर जिल्ह्यातल्या गावात माझ्या लहानपणी बिस्कुट बरणीत असायचं. काचेची बरणी, पत्र्याचं झाकण. पाटलाचं पोर झाकण उघडून हात घालायचं, दोन काढून घ्यायचं. आम्ही पायरीच्या खाली उभे. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, मग दुकानदार त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. आणि बिस्कुट? ते वरनं ओंजळीत टाकायचा. हात हाताला लागू नये एवढ्या उंचीवरनं. टणक बटर असला तर झेलता यायचा. नानकटाई असली तर ओंजळीत पडता पडता तिचे चार तुकडे व्हायचे, अर्धा भुगा मातीत. म्हणून आम्ही पोरं बटरच मागायचो. आता सांगा, माझ्या आवडीत शास्त्र किती आणि चव किती? जे वरनं टाकलं तरी फुटत नाही, ते आम्हाला आवडायला लागलं.

चहाचं तेच. हॉटेलाबाहेर कुडाला अडकवलेली आमची वेगळी कपबशी, दांडा तुटलेली. आपली आपण काढायची, पिऊन आपली आपण धुवायची. तिच्यात चहासुद्धा वरनं धार धरून ओतायचा. कोरड्या बिस्किटाला घशाखाली घालवायला ओलं लागतं, आणि ओलं तेवढं बाटतं. कोरडं देतील, पाणी देणार नाहीत. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणीत १९०१ सालचा प्रवास सांगितलाय. मसूर स्टेशनात उतरून ती पोरं बैलगाडीनं वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली. डब्यात खाणं भरपूर होतं. पण रस्त्यात कुणी पाणी दिलं नाही, म्हणून अन्न जवळ असून उपाशी झोपावं लागलं. कोरडं अन्न आणि नाकारलेलं पाणी. मला वाटतं महाडची वाट त्या रात्रीच निघाली होती. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याची ओंजळ भरली, आणि नंतर त्यांनी पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. पावाच्या तुकड्यानं विहीर बाटते, माणसाच्या ओंजळीनं तळं बाटतं. शास्त्र एकच.

आता आमच्या घरात बिस्कुट कुठनं आलं, तेही सांगतो. आज्जा पलटणीत होता. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतरच्या भरतीतला तो. त्याच्या आधीच्या पिढ्यांना इंग्रजांनी १८९२ च्या सुमाराला सैन्याची दारं बंद केलेली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण काढली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली मोडली. दुसऱ्या महायुद्धात बिस्किटाचे कारखाने सैन्यासाठी रात्रंदिवस चालले, ब्रिटानियाचा बहुतेक माल सरकारच घेत होतं. आज्जा सांगायचा, "आरं, ते बिस्कुट दातानं तुटत नव्हतं. चहात बुडवून ठिवायचं, मग मऊ पडायचं. पर एकाच मगातला चहा आन् एकाच डब्यातलं बिस्कुट, कोन इचारीत नव्हतं तुजी जात काय." त्याच्या मते जगातलं सगळ्यात चांगलं बिस्कुट तेच. चवीनं ते कसं होतं, कुणास ठाऊक. पण एकाच डब्यातलं होतं.

बाप मुंबईला गिरणीत. तिथंही सगळं मोकळं नव्हतं. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथं मज्जाव. कारण काय, तर धोट्यातलं सूत तोंडानं ओढून घ्यावं लागायचं, आणि आपल्या तोंडचं सूत दुसऱ्याच्या तोंडाला कसं चालेल? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. यंत्रयुग आलं तरी थुंकीची जात गेली नाही.

पण गिरणीच्या फाटकासमोर, चौकाच्या कोपऱ्यावर इराण्याचं हॉटेल होतं. इराणी लोक यझ्दकडनं आलेले, त्यांच्यात पारशी धर्माचे होते, मुसलमान होते. त्यांना इथल्या उतरंडीशी देणंघेणं नव्हतं. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, काचेच्या बरण्यांत खारी, बटर, नानकटाई, टोस्ट. पैसे टाका, बसा. कप सगळ्यांना तोच. बाप पहिल्यांदा तिथं खुर्चीवर बसला तेव्हा कुणी उठवील म्हणून काठावरच टेकला होता, असं तो सांगायचा. पोऱ्यानं बशीत खारी आणून टेबलावर ठेवली. टेबलावर. वरनं टाकली नाही. त्या दिवसापास्नं बाप खारीचा. गावी आला की वर्तमानपत्रात बांधलेली खारी आणायचा. एस्टीच्या धक्क्यानं निम्मा चुरा झालेला असायचा, तो चुराही आम्ही चहात घालून चमच्यानं खायचो.

इराण्याची मी आरती ओवाळत नाही. तोही धंदाच करत होता. पण ज्या समतेची व्याख्यानं सुधारकांनी शंभर वर्षं दिली, ती एका धंदेवाल्यानं बशीतून टेबलावर ठेवली, हे लिहून ठेवलं पाहिजे. नंतरच्या काळात यातली बरीच हॉटेलं बंद पडली. ती गेली म्हणून हळहळणारे लेख येतात, त्यांत ब्रून-मस्क्याची आठवण असते. तिथं आपल्या बापाला पहिल्यांदा खुर्ची मिळाली, ही आठवण त्या लेखांत सापडत नाही.

खारी आवडण्यात आणखी एक साधं कारण आहे. आमच्या घरी चहा गुळाचा, कोरा. दूध कुठलं? गुळाचा चहा मुळातच गोड आणि जरा उग्र. त्यात गोड बिस्कुट बुडवलं तर तोंड मिठ्ठ होऊन जातं. खारट, फिकं, कोरडं काही असलं तर चहाला चव येते. ही आवड गरिबीनं शिकवली, पण शिकवली ती बरोबर शिकवली. विलायतेतल्या शिष्टांनी जे शतकभरानं शोधलं, ते आमच्या आईला चुलीपुढं कळलं होतं.

पुढं आम्ही मुंबईला चाळीत आलो तेव्हा आई सणाला बेकरीत बिस्किटं भाजायला न्यायची. ही रीत तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. मैदा, साखर, डालडा आपला. बेकरीवाला मळून, साच्यातनं काढून, पत्र्यावर मांडून भट्टीत भाजून देतो, किलोमागं मजुरी घेतो. आमचा बेकरीवाला आझमगडकडचा मुसलमान. आई डबा घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "भाईजान, साखर कमी घाला. उरलेली मला परत द्या." तो हसायचा. म्हणायचा, "ताई, दिवाळीची बिस्किटं फिकी करता का?" आई म्हणायची, "मला अशीच आवडतात."

मला अशीच आवडतात. हे वाक्य वरवर काहीच नाही. पण मी इतिहास वाचायला लागल्यावर मला कळलं, की हे वाक्य म्हणायला आमच्या घराण्याला किती पिढ्या लागल्या. आईची आई दारोदार भाकरी मागायची, तो तिचा बलुत्याचा हक्क म्हणे. टोपलीत ज्वारीची, बाजरीची, शिळी, उष्टी, कुणाची भाजी, कुणाचं कोरड्यास, सगळं एकात एक. तिला कुणी विचारलं नाही, तुला काय आवडतं. भिकेला आवड नसते. जे पडेल ते गोड मानायचं. गोड मानायचं! आपल्या भाषेतच बघा, लाचारीला शब्द गोडाचाच आहे.

म्हणून महाडच्या परिषदेत १९२७ साली बाबासाहेबांनी तळ्याइतकीच दुसरी गोष्ट सांगितली होती. मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागणं सोडा. अनेकांना तो तेव्हा नुसता स्वच्छतेचा उपदेश वाटला. तो उपदेश नव्हता. तो नकाराचा पहिला धडा होता. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला आवडही नसते. आधी नकार, मग निवड, मग आवड. बाबासाहेब स्वतः लंडनला १९२० नंतर शिकताना पावाचा तुकडा आणि बॉव्हरिलचा कप यावर दिवस काढायचे, रात्री पापड भाजून भूक मारायचे, अशी चरित्रात नोंद आहे. तेही कोरडं, फिकंच. पण ते कुणी ओंजळीत टाकलेलं नव्हतं. ते त्यांनी पुस्तकासाठी निवडलेलं होतं.

आता गोडाकडं वळतो, कारण फिक्याची गोष्ट गोडाशिवाय पुरी होत नाही.

१९२९ साली विलेपार्ल्यात चौहान मंडळींनी गोळ्या-मिठाईचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिथं ग्लुकोज बिस्कुट निघालं. विलायती डब्याच्या मानानं स्वस्त. १९८० नंतर त्याचं नाव पार्ले-जी झालं. लोकलमधनं जाताना पार्ल्याला डब्यात वास यायचा, तो कारखाना २०१६ साली बंद झाला. हे बिस्कुट गोड आहे, आणि ते गोड का आहे हे समजून घ्या. साखर ही स्वस्तातली ताकद. बांधकामावरचा मजूर, नाक्यावरचा बिगारी, सफाई कामगार, यांना दुपारी जेवायला वेळ नाही, जवळ डबा नाही. पाच रुपयांचा पुडा, एक कटिंग चहा. झालं जेवण. पुडा पाच रुपयांचाच राहिला आणि आतलं वजन घटत गेलं. भूक मात्र तेवढीच राहिली.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे. गोड. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो. मी तेव्हा खडीवर होतो. सुकडीनं जीव वाचवले, हे मी कधीच नाकारणार नाही. पण रोज गोड खाऊन आमच्यातली एक म्हातारी रडकुंडीला आली. "मिठाचा खडा आन् मिरची द्या रं कुनीतरी," म्हणायची. मुकादम म्हणाला, फुकटचं गोड मिळतंय तरी कटकट. बघा, फुकट खाणाऱ्याला आवड असू नये, हा कायदा तिथंही हजर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या दिवसांत बेकरीतला खारीचा चुरा स्वस्तात मिळायचा, तो आणून आम्ही रात्र काढली. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-पुण्याहून मजूर पायी निघाले, त्यांच्या पिशवीत काय होतं? ग्लुकोजचे पुडे. त्याच महिन्यांत कंपनीची विक्रमी विक्री झाल्याच्या बातम्या आल्या. देश चालत होता आणि बिस्कुट खपत होतं. ज्या उसाची ही साखर, तो तोडायला बीड-नगरकडनं कोयता घेऊन जाणाऱ्यांत आपली माणसं किती असतात, तुम्हाला ठाऊक आहे. साखर तोडणारेही आपण, आणि जेवणाऐवजी साखर खाणारेही आपण.

म्हणून मी ग्लुकोजच्या पुड्याला नावं ठेवत नाही. ज्याचं दुपारचं जेवण तेच आहे, त्याच्यापुढं मी माझ्या खारीचं कौतुक सांगणार नाही. सुरुवातीला खलाशाची आणि साहेबाची गोष्ट सांगितली ती याच्यासाठी. विलायतेत फिकं बिस्कुट लाचारीतून ऐटीत गेलं. आपल्यात शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या चार घरांत आता साखरेशिवायची महाग बिस्किटं येतात, आणि तिथली पोरं वस्तीतल्या पोराच्या हातातल्या पुड्याकडं नाक मुरडतात. मला याची भीती वाटते. फिक्याची आवड ही आपली कमाई आहे. ती ऐट झाली की कमाई बुडाली. आईनं साखर कमी घातली ती निवड होती. पण तिनं शेजारणीच्या गोड बिस्किटाला कधी नाव ठेवलं नाही. सणाला दोन्ही ताटं एकमेकींच्या घरी जायची.

तरुण मित्रांनो, तुमच्याकडनं एक काम हवंय. अभ्यासवर्ग घेता, पुतळ्याला हार घालता, मोर्चे काढता. ते चालू ठेवाच. पण रविवारी आपापल्या वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांपुढं वही घेऊन बसा. विचारा, पहिल्यांदा बिस्कुट कधी खाल्लं? कुणी दिलं? हातात दिलं का वरनं टाकलं? चहाचा कप कुठं ठेवलेला असायचा, आणि तो कधी, कुणी फोडला? गावाचं नाव, साल, जमेल तेवढं लिहून घ्या. बोलतील त्याच भाषेत लिहा, शुद्ध करत बसू नका. शुद्धीकरणाचा आपल्याला पुरेसा अनुभव आहे. आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न विचारा, जो त्यांना बहुतेक कुणी विचारलेला नसेल. आजी, तुला काय आवडतं?

ती थोडा वेळ गप्प बसेल. बसू द्या. उत्तर आलं की तेही लिहून घ्या, आणि अंकासाठी पाठवा.